पेशीचं मरण, पेशीचं जगणं

कील विद्यापीठात शिकवणाऱ्या वॉल्टर फ्लेमिंग यांचं पेशीविषयीचं जर्मन पुस्तक 1882 साली प्रसिद्ध झालं. सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या पिल्लांच्या पेशी चांगल्या मोठ्या असतात. कापड रंगवण्यासाठी नुकतेच निघालेले कृत्रिम रंग त्या पेशींवर चढवून फ्लेमिंग तासन्‌तास सूक्ष्मदर्शकापाशी बसत आणि दिसेल ते हाताने रेखाटत. केंद्रकातला रंग शोषून घेणारा पदार्थ धाग्यांच्या रूपात आखडतो, प्रत्येक धागा उभा चिरला जातो आणि त्याची दोन अर्धुकं दोन दिशांना जातात, हे त्यांनी इतक्या बारकाईने दाखवलं की आजच्या पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्याही त्याच वळणाच्या आहेत. तीन वर्षांनी, 1885 साली, त्यांनी सशाच्या अंडाशयातल्या काही पेशींची चित्रं काढली. या पेशी विभागत नव्हत्या. त्यांचं केंद्रक आक्रसून त्याचे गोळे झाले होते आणि ते विरत चालले होते. त्या मरत होत्या, आणि त्यांच्या मरण्यातही एक ठरावीक क्रम होता.

पहिल्या चित्रांतून एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. दुसऱ्या चित्रांकडे पुढची जवळजवळ 80 वर्षं फारसं कुणी वळून पाहिलं नाही. हे पुस्तक ही दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न आहे.

आपल्यापैकी बहुतेकांनी पेशीविभाजन शाळेत पाठ केलेलं असतं. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी. वहीत पेन्सिलीने काढलेल्या चार आकृत्या. पेशी मरते कशी, हा प्रश्न मात्र परीक्षेत येत नाही. त्यामुळे विभाजन म्हणजे जीवन आणि मृत्यू म्हणजे बिघाड, अशी समजूत मनात बसते ती कायमची. ही समजूत मला मोडायची आहे. मरणं हेही पेशीचं काम आहे. त्यासाठी तिच्याकडे खास जनुकं आहेत, खास विकरं आहेत आणि त्या कामासाठी ती स्वतःजवळची ऊर्जा खर्च करते. विभाजनाची कहाणी या दुसऱ्या कहाणीशिवाय सांगता येत नाही. सांगितली, तर कर्करोग कळत नाही, गर्भाची वाढ कळत नाही आणि माणसाचं म्हातारपणही कळत नाही.

आकडे पाहिले की हे पटतं. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 30 लाख कोटी पेशी असतात. रॉन मायलो आणि रॉन सेंडर या इस्रायली संशोधकांनी 2021 साली मांडलेल्या अंदाजानुसार त्यांतल्या जवळपास 33,000 कोटी पेशी रोज मरतात आणि तितक्याच नव्याने तयार होतात. वजनात मोजलं तर ही रोजची उलाढाल 80 ग्रॅमच्या आसपास जाते. यातला मोठा वाटा रक्तपेशींचा. तांबडी पेशी 120 दिवस जगते, म्हणून अस्थिमज्जेला दर सेकंदाला 20 लाखांहून अधिक नव्या तांबड्या पेशी रक्तात सोडाव्या लागतात. आतड्याच्या आतलं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी मात्र जन्मापासून अखेरपर्यंत त्याच राहतात. एका शरीरात राहूनही प्रत्येक पेशीचं आयुष्य वेगळं ठरलेलं असतं. ते कोण ठरवतं, हा या पुस्तकातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

विभाजनाची यंत्रणा पुढे सविस्तर येईल, इथे एकच गोष्ट सांगतो. विभाजनाचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. शाळेतल्या चार आकृत्यांचं काम तासाभरात उरकतं. त्याआधीचे कितीतरी तास पेशी स्वतःला तपासत असते. बाहेरून वाढीचा संदेश आला आहे का? पोषण पुरेसं आहे का? 46 गुणसूत्रांमधल्या दोन मीटर लांबीच्या डीएनएची प्रत पूर्ण झाली का, आणि ती करताना कुठे तुटफूट झाली का? अगदी शेवटच्या क्षणी, गुणसूत्रं मध्यरेषेवर येऊन उभी राहिल्यानंतरसुद्धा, एखादं गुणसूत्र दोन्ही बाजूंच्या तर्कुतंतूंना नीट जोडलं गेलं नसेल तर सारी पेशी त्या एकासाठी थांबते. मला विभाजनातलं सगळ्यात थक्क करणारं दृश्य हेच वाटतं, आणि चार आकृत्यांमध्ये नेमकं तेच दिसत नाही.

हे थांबणं आणि पुढे सरकणं कशाच्या हुकमाने होतं, ते लेलंड हार्टवेल, पॉल नर्स आणि टिम हंट यांनी शोधलं. 2001 सालचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. हंट यांनी 1982 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होल इथे समुद्री अर्चिनच्या फलित अंड्यांत एक प्रथिन पाहिलं. ते हळूहळू साठत जाई आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसं होई. हे सायक्लिन. नर्स यांनी यीस्टमध्ये ज्या जनुकाचा अभ्यास केला होता, त्याचंच मानवी रूप त्यांच्या प्रयोगशाळेने 1987 साली शोधून काढलं. स्वतःचं जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये ते मानवी जनुक घातलं आणि यीस्ट पुन्हा व्यवस्थित विभागू लागलं. माणूस आणि यीस्ट यांच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटींहून अधिक वर्षं झाली आहेत. इतक्या काळात जवळपास सगळं बदललं, पण विभाजनाचा हुकूम देणारं प्रथिन एकमेकांच्या जागी चालावं इतकं सारखं राहिलं. जीवसृष्टी एकच आहे याचा यापेक्षा थेट पुरावा मला माहीत नाही.

पेशी किती वेळा विभागू शकते? अलेक्सिस कॅरेल यांनी 1912 साली कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातल्या पेशी काचपात्रात वाढवायला घेतल्या आणि त्या तब्बल 34 वर्षं चालू ठेवल्या गेल्या. पेशी मुळात अमर असतात, असं त्यामुळे सगळे मानू लागले. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी 1961 साली हा समज मोडला. माणसाच्या साध्या पेशी 40 ते 60 वेळा विभागतात आणि मग थांबतात. गुणसूत्रांची टोकं प्रत्येक विभाजनात थोडी आखूड होतात हे त्यामागचं कारण नंतर उलगडलं, आणि ती टोकं पुन्हा वाढवणारं टेलोमरेज हे विकर एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्या प्रयोगशाळेत कॅरल ग्रायडर यांना 1984 च्या नाताळच्या दिवशी दिसलं. हेफ्लिक यांनी वाढवलेल्या अशा मर्यादित आयुष्याच्या मानवी पेशींवर पुढे लशी तयार होऊ लागल्या. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी गोवर-रुबेलाची लसही मानवी पेशींच्या अशाच वाणावर वाढवलेल्या विषाणूंपासून तयार होते. आपल्याकडच्या कोट्यवधी मुलांच्या दंडात गेलेल्या त्या सुईशी हेफ्लिक यांच्या काचपात्रांचा असा संबंध आहे.

आता मरणाकडे येतो. या भागात मी जास्त रेंगाळणार आहे, कारण मराठीत त्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे विकृतिशास्त्रज्ञ जॉन केर उंदरांच्या यकृतावर काम करत होते. यकृताच्या काही भागाकडे जाणारी रक्तवाहिनी बांधली की तो भाग आक्रसतो. रक्तच न मिळालेल्या जागी पेशी अपेक्षेप्रमाणे सुजून, फुटून मेल्या होत्या. पण आसपासच्या बऱ्या दिसणाऱ्या भागात मधूनच एखादी पेशी वेगळ्याच रीतीने मरत होती. ती शेजारणींपासून सुटी होई, आक्रसे, तिचं केंद्रक तुकड्यातुकड्यांत विभागलं जाई, आणि मग अख्खी पेशी पातळ आवरणातल्या लहान लहान पुड्यांमध्ये वाटली जाई. त्या पुड्या शेजारच्या पेशी गिळून टाकत. ना सूज, ना दाह, ना व्रण. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टेअर करी यांच्यासह केर यांनी 1972 साली हे निरीक्षण प्रसिद्ध केलं आणि या मरणाला अपॉप्टोसिस हे नाव दिलं.

दोन मरणांतला हा फरक मनात पक्का बसायला हवा. जुना वाडा पावसात कोसळतो तेव्हा शेजारच्या घरांचीही मोडतोड होते. तोच वाडा उतरवायला घेतला तर कौलं, वासे, तुळया, दारं एकेक करून खाली येतात आणि लाकूड न लाकूड पुन्हा कामी लागतं. अपघाताने मेलेली पेशी पहिल्या प्रकारे जाते, आणि आतला द्रव सांडून आजूबाजूला दाह पेटवते. अपॉप्टोसिसने मरणारी पेशी दुसऱ्या प्रकारे जाते. हे सगळं काही तासांत आटोपतं आणि मागे खूण राहत नाही. फ्लेमिंग यांच्यानंतर इतकी वर्षं ते नजरेतून सुटलं याचं एक मोठं कारण हेच.

तरीही हे मरण खरोखर आधीपासून ठरलेलं असतं, याचा निर्विवाद पुरावा आला एका किड्यातून. सीनोरॅब्डायटिस एलेगन्स हा मातीत राहणारा, एक मिलिमीटर लांबीचा, आरपार दिसणारा सूत्रकृमी. सिडनी ब्रेनर यांनी तो अभ्यासासाठी निवडला. केंब्रिजमध्ये जॉन सल्स्टन यांनी त्याच्या अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंतच्या प्रत्येक पेशीची वंशावळ काढायला घेतली. जिवंत भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, रोज दोन बैठका, प्रत्येक बैठक चार तासांची, असं हे काम दीड वर्ष चाललं. त्यातून हिशेब लागला तो असा: किड्याच्या शरीरात एकूण 1,090 पेशी तयार होतात, त्यांतल्या 131 मरतात आणि 959 उरतात. प्रत्येक किड्यात याच 131, त्याच जागी, त्याच वेळी. वंशावळीच्या त्या तक्त्यात कितीतरी रेघा मध्येच संपतात. रॉबर्ट होर्विट्झ यांनी त्या मरणामागची जनुकं शोधली. सेड-3 हे जनुक बिघडवलं तर मरायला हव्या होत्या त्या पेशी मरत नाहीत, जगतात. म्हणजे मरण ही आज्ञा आहे, आणि आज्ञा देणारं जनुक काढून घेतलं की मरण टळतं. ब्रेनर, सल्स्टन आणि होर्विट्झ यांना 2002 साली नोबेल मिळालं. नोबेलच्या यादीत मोठमोठे शोध आहेत. पण निव्वळ चिकाटीने पाहत राहण्याची इतकी सुंदर उदाहरणं तिथे थोडीच असतील.

किड्यात जे घडतं तेच आपल्यात घडतं. गर्भाचा हात आधी वल्ह्यासारखा सपाट असतो. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास बोटांमधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात त्या मरत नाहीत, म्हणून पडदा राहतो. छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या टी-पेशींपैकी बहुतांश तिथेच मारल्या जातात, कारण त्या एकतर निरुपयोगी असतात किंवा आपल्याच शरीरावर उलटतील अशा असतात. आणि मेंदू घडताना तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त चेतापेशी तयार होतात आणि त्यांतल्या पुष्कळ नाहीशा होतात.

या शेवटच्या गोष्टीतून मला या पुस्तकाचं सूत्र सापडलं. इटलीच्या तुरीन शहरात, ज्यूंना विद्यापीठाचे दरवाजे बंद झाल्यावर, रीता लेवी-माँताल्चिनी यांनी युद्धकाळात घरातल्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम केलं. गर्भाचा अवयव कापून टाकला की त्या अवयवाकडे निघालेल्या चेतापेशी आधी वाढतात आणि मग मरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे अमेरिकेत त्यांनी चेतापेशींना जगवणारा पदार्थ शोधला, तो स्टॅन्ली कोहेन यांनी वेगळा काढला, आणि 1986 साली दोघांना नोबेल मिळालं. चेतापेशी ज्या अवयवाकडे जाते त्याच्याकडून तिला हा पदार्थ मिळाला तर ती जगते, नाही तर मरते. ब्रिटनमध्ये काम करणारे मार्टिन रॅफ यांनी 1992 साली हीच गोष्ट सबंध शरीराला लावली. आपल्या जवळजवळ सगळ्याच पेशी मरणाची सिद्धता बाळगून असतात आणि इतर पेशींकडून ‘जग’ असा संदेश सतत येत असतो म्हणूनच त्या जगतात. संदेश थांबला की आतली यंत्रणा सुरू होते. विभागायला परवानगी लागते हे आपण आधी पाहिलं. जगायलाही परवानगीच लागते. बहुपेशीय शरीर चालतं ते या दोन परवानग्यांवर.

कर्करोग या दोन्ही परवानग्या धुडकावतो. तो म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, असं आपण सर्रास म्हणतो, पण तो निम्माच भाग झाला. एका प्रकारच्या लसिकापेशींच्या कर्करोगात बीसीएल-2 हे जनुक अतोनात सक्रिय झालेलं सापडलं होतं. मेलबर्नच्या डेव्हिड व्हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली दाखवलं की हे जनुक पेशीला विभागायला लावतच नाही, ते तिला मरू देत नाही. न मरणंसुद्धा रोगाला हातभार लावतं. त्याच प्रथिनाला रोखणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध 2016 पासून एका प्रकारच्या रक्तकर्करोगावर वापरात आहे. निम्म्याच्या आसपास कर्करोगांमध्ये पी-53 हे प्रथिन निकामी झालेलं असतं. डीएनए तुटला की विभाजन थांबवायचं, आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरणाकडे न्यायचं, ही दोन्ही कामं ते करतं. विभाजन आणि मृत्यू यांचे धागे पेशीत एकाच गाठीत बांधलेले आहेत, म्हणून पुस्तकातही त्यांची वेगवेगळी दोन दालनं केलेली नाहीत.

औषधंही हेच सांगतात. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन मिळतात. ती तर्कुतंतू बनू देत नाहीत. पेशी मध्यावस्थेत अडकते आणि पुष्कळदा तशीच मरते. लहान मुलांच्या रक्तकर्करोगावरच्या उपचारात व्हिनक्रिस्टिनला मोठं स्थान आहे. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं. डीएनएची प्रत काढताना पडणारे पीळ सोडवणाऱ्या विकराला ते अडकवून ठेवतं आणि धागा तुटतो. त्यापासून बनवलेली औषधं जगभर वापरली जातात, आणि त्यापायी कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड झाली, याचं मला अतिशय वाईट वाटतं. ज्या झाडाने माणसं जगवली ते आपण जपायला हवं.

एका स्त्रीबद्दल इथेच लिहायला हवं. हेन्रिएटा लॅक्स, वय 31, अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 4 ऑक्टोबर 1951 रोजी वारल्या. त्यांच्या गाठीचा तुकडा त्यांना न विचारता घेतला गेला होता. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी विभागत राहिल्या, आजही विभागत आहेत; हेला या नावाने त्या जगभर पोचल्या. कुटुंबाला हे 1970 च्या दशकात कळलं. याच गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकायला गेलेल्या एक मराठी संशोधक होत्या: पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे. डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1949 साली पीएच.डी. करून त्या तिकडे गेल्या आणि परतल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतात पेशी काचपात्रात वाढवण्याचं शास्त्र रुजवणाऱ्यांत त्या अगदी पुढच्या.

हेन्रिएटा यांच्या पेशी अमर का झाल्या? त्यांच्यात एचपीव्ही-18 हा विषाणू होता. हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी 1980 च्या दशकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा आणि या विषाणूंचा संबंध सिद्ध केला. या विषाणूचं ई-7 प्रथिन विभाजनाला आवर घालणारं आरबी हे प्रथिन निकामी करतं आणि ई-6 प्रथिन पी-53 नष्ट करवतं. दोन्ही परवानग्या एका झटक्यात संपतात. विशेष म्हणजे हेला पेशींमधलं पी-53 चं जनुक शाबूत आहे. 2000 साली संशोधकांनी त्या पेशींतली विषाणूची ही दोन प्रथिनं बनणं बंद पाडलं, तेव्हा जवळपास 50 वर्षं निद्रिस्त राहिलेली यंत्रणा जागी झाली आणि पेशी विभागायच्या थांबल्या.

हा रोग आपल्याला परका नाही. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना तो होतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा एक मोठा अभ्यास 1999 मध्ये सुरू झाला. त्याचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदा झाली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. तुलनेसाठीच्या गटातल्या स्त्रियांना ही तपासणी दिली गेली नव्हती, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती टीका मला योग्य वाटते. पण जगभरच्या तपासणी धोरणांना ज्यांच्यामुळे आधार मिळाला त्या मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या बायका होत्या, हे आपल्याकडेच फार थोड्यांना ठाऊक आहे.

पुस्तकात परिभाषा शक्यतो शालेय पुस्तकांतलीच वापरली आहे. जिथे मराठी शब्द रुळलेला नाही तिथे रूढ शब्दच देवनागरीत ठेवला आहे. प्रकरणं ओळीने वाचली तर बरं, पण ज्यांना मरणापासून सुरुवात करायची असेल त्यांनी खुशाल तिथून करावी.

वाचकांना एक विनंती मात्र आधीच करतो. एचपीव्हीवरची लस आता पुण्यातही बनते. तिला 2022 साली परवानगी मिळाली. घरात 9 ते 14 वर्षांची मुलगी असेल तर डॉक्टरांना विचारून तिला ही लस द्या. तिशी ओलांडलेल्या बायकांनी, लस घेतली असो वा नसो, गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, आणि घरातल्या पुरुषांनी त्यांच्यासोबत जावं.